पॅनेल झोपतात तेव्हा

१२ जानेवारी

मावशी गं,

फोनवर मी नुसती "हं, हं" करते आणि तू वैतागून "अगं, आहेस का?" म्हणतेस, म्हणून पत्र लिहितेय. कागदावर लिहिताना कोणी माझ्या तोंडाकडे बघत नाही. शाळा सुटल्यापासून हात पेनाला लागला नव्हता, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

बातमी अशी की आपल्या गच्चीवर सोलर बसणार. दादाने ठरवलं. परवा सोलरवाले काका आले होते. भर दुपारी गच्चीच्या मध्यावर उभे राहिले, डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाले, "झकास ऊन आहे. ही अर्धी गच्ची आमची." दादा म्हणाला, "बसवून टाका." झालं. आईला भाजी घ्यायला याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

मी तिथेच कपडे वाळत घालत होते. मला काहीतरी खटकलं. मी रोज गच्चीवर असते ना, तर ऊन मला कधी असं एका जागी बसलेलं दिसलंच नाही. ते फिरत असतं. सकाळी शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीची सावली आपल्या गच्चीवर पसरते, कोणी काळी चादर अंथरल्यासारखी. मग हळूहळू ती स्वतःच घडी होऊन जाते. काका आले तेव्हा घडी झाली होती.

तू तिकडे हेच काम करतेस, लोकांच्या घरांवर चढून. तर मला सांग, सोलर बसवताना लोक काय काय चुका करतात? मी विचारलं ते दादाला कळू देऊ नकोस. म्हणेल, तुला काय कळतं त्यातलं.

घरी सगळे मजेत.

तुझी
गोगलगाय

(हे पान पाकिटात घालायचं नाही.)

घरी सगळे मजेत नाहीत. आईने बजावलंय, बाबांचं मावशीला कळवायचं नाही, ती काम टाकून धावत येईल. बाबांच्या छातीत इतक्या वर्षांचं गिरणीचं पीठ बसलंय. आता त्यांच्या खाटेशी ऑक्सिजनचं मशीन असतं. ते विजेवर चालतं, नळी नाकाला. दिवसभर घुं करतं आणि मध्येच फुस्स. मी डोळे मिटले की समुद्र ऐकू येतो, जो मी पाहिलेला नाही.

लाईट गेली की समुद्र बंद, आणि मशीन किंचाळायला लागतं. मग मी छोटा सिलेंडर जोडते आणि त्याचा काटा खाली येताना बघत बसते. गेल्या आठवड्यात एकदा सिलेंडर संपत आला तरी लाईट आली नव्हती. बाबांचे ओठ जांभळे पडले. त्याच दिवशी दादाने सोलरचं ठरवलं. म्हणाला, "बाबा, आता आपल्या घरातली लाईट जाणारच नाही." बाबा कितीतरी दिवसांनी हसले.

म्हणून हे चुकायला नको. म्हणून विचारतेय.


२१ जानेवारी

गोगलगायी,

तुझं पत्र आलं तेव्हा मी बूट काढत होते. एक बूट पायात ठेवूनच वाचलं. अक्षराला कोण हसणार? माझं बघ, कोंबडी चालून गेल्यासारखं. आणि दादाला मी कशाला सांगू? गोगलगाय आणि पोटात पाय, हे मला तू रांगत होतीस तेव्हापासून माहीत आहे.

पहिली चूक तुझ्या काकांनी केलेलीच आहे. भर दुपारी ऊन बघणं म्हणजे लग्नाच्या दिवशी नवरा मुलगा बघणं. त्या दिवशी सगळेच देखणे दिसतात. ऊन सकाळी बघायचं, संध्याकाळी बघायचं. एका ओळीतली पॅनेल म्हणजे आग विझवायला रांगेत उभी राहून बादल्या पुढे देणारी माणसं. एकाने जांभई दिली की सगळ्यांच्या बादल्या अडतात. पॅनेलच्या कोपऱ्यावर ताटाएवढी सावली पडली तरी त्या ओळीचा जोर उतरतो.

तू असं कर. खडू घे आणि दर तासाला टाकीच्या सावलीच्या कडेने रेघ ओढ. सध्या थंडी आहे, सूर्य खालून खालून चालतो, सावल्या वर्षातल्या सगळ्यात लांब. आत्ता जी जागा दिवसभर उन्हात राहील ती वर्षभर राहील. पॅनेल तिथे.

आणि स्लॅबला भोकं पाडायला लागले तर आडवी पड. पावसाळ्यात तीच भोकं घरात रडतात. सिमेंटच्या जड ठोकळ्यांवर सांगाडा उभा करा म्हणावं. जड म्हणजे खरंच जड, कारण वारा खालून शिरतो. इथे एकाचं पॅनेल उडून शेजारच्याच्या दारात पडलं. शेजारी म्हणतो, आता ते माझं! मध्ये चालायला वाट सोडा, नाहीतर धूळ पुसायची कुणी आणि कशी? कबुतरांसाठी खालून जाळी लावा. त्यांना वाटतं हे छप्पर आपल्यासाठीच बांधलंय.

बाकी छान झालं. बिल कमी येईल. वाचलेल्या पैशात मला एक चप्पल घे म्हणावं ताईला.

भावोजींचं काहीच लिहिलं नाहीस. अजून गिरणी बंद करून येताना गातात का? आवाज कसला, भोंगा नुसता.

मावशी


४ फेब्रुवारी

मावशी गं,

नवऱ्या मुलाचं वाचून मी एकटीच हसले. आईने विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही.

खडू नव्हता. आईच्या शिवणाच्या डब्यातला कापडावर आखायचा खडू घेतला. तो संपला, मग विटेचा तुकडा. दर तासाला वर जायचं आणि रेघ ओढायची. मावशी, सावलीची कड कधी जवळून बघितलीस का? ती पक्की नसतेच. दुधात पाणी मिसळावं तशी असते, आणि आपण रेघ ओढेपर्यंत पुढे सरकलेली असते. एकदा मी रेघेवरच आडवी झाले. सावली आधी पायावरून गेली, मग पोटावरून, मग तोंडावरून. गार गार. मला वाटलं गच्चीच फिरतेय, होडीसारखी. खालचं घर, त्यातली भांडी, दोरीवरचे कपडे, सगळ्यांना घेऊन कुठेतरी निघालीय आणि कोणालाच पत्ता नाही. संध्याकाळी उठून बघितलं तर गच्चीभर रेघांचा पंखा उघडला होता. एवढं मोठं चित्र मी जन्मात काढलं नव्हतं.

मग काका मापं घ्यायला आले. मी वाळत घातलेल्या चादरीमागे. काकांचा पाय रेघांवर पडला.

"हे काय? लंगडी खेळलं काय कोणी इथे?"

"आमच्याकडे लहान कोणी नाही," दादा म्हणाला.

काका खाली बसले. एका रेघेवर बोट ठेवलं आणि तिथून टाकीपर्यंत नजर नेली. मग दुसरी रेघ. मग म्हणाले, "अरेच्चा, ही टाकी तर सकाळभर इथेच लोळत असते की!" मला इतका आनंद झाला की तोंडात धरलेला चिमटा खाली पडला.

तर आता पॅनेल जिन्याच्या अंगाला सरकली. काका आपणहूनच म्हणाले, भोकं पाडणार नाहीत, ठोकळे येणार. मी एक शब्दही बोलले नाही, सगळं सावलीनेच सांगितलं. नेहमी असंच जमलं तर किती बरं होईल.

दादा गल्लीभर सांगत सुटलाय, "सगळीकडे अंधार होईल, पण आमच्याकडची लाईट जायची नाही." रविवारी सांगाडा बसेल.

बाबा बरे आहेत.

तुझी
गोगलगाय


११ फेब्रुवारी

गोगलगायी,

शाबास! ती रेघांची गच्ची मला बघायची होती. मी आमच्या कामावरच्या पोरींना तुझं पत्र वाचून दाखवलं. एक जण म्हणाली, ही पोरगी आमच्याकडे पाठवा.

पण दादाच्या त्या वाक्याला मी पोट धरून हसले. लाईट जायची नाही? अरे वा! त्याला सांग, गल्लीत मिशीला पीळ देण्याआधी काकांना विचार. साधं सोलर बॅटरीशिवाय असतं. ते रस्त्यावरच्या तारेला जोडलेलं असतं. तारेतली वीज गेली की पॅनेलही झोपतात. डोक्यावर ऊन रणरणत असलं तरी झोपतात. आणि ते बरोबरच आहे. त्या वेळी वायरमन खांबावर चढलेला असतो, त्याला वाटतं तार मेलेली आहे. तुमच्या गच्चीवरून तिच्यात करंट आला तर त्या बिचाऱ्याचा जीव जाईल.

निम्म्या लोकांना हे लाईट गेल्यावरच कळतं. मग आम्हाला शिव्या घालतात. तुमचं काय बिघडणार म्हणा? घटकाभर पंखा नाही फिरला तर नाही फिरला. बिल तर कमी येतंय.

"बाबा बरे आहेत." एवढंच? भावोजींनी तुला शब्द मोजून दिलेत का गं?

मावशी


१६ फेब्रुवारी

मावशी,

सोबत एक पान आहे. जानेवारीतलं. तुला पाठवायचं नव्हतं. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? आईवर रागावू नकोस. तुला इतकं लांब काम मिळालंय, ते सुटेल म्हणून ती गप्प आहे.

तुझं पत्र मी जिन्यात वाचलं. मग तिथेच बसून राहिले. सांगाडा बसलाय. पॅनेल भिंतीला टेकवून ठेवलीत. निळी आहेत, त्यांच्यात ढग दिसतात. एक ढग या पॅनेलमधून त्या पॅनेलमध्ये जाताना मध्ये कुठे जातो कोण जाणे. मला स्वप्न पडलं की पॅनेल कुशीवर झोपलीत, माणसांसारखी, आणि मी एकेकाला हलवून उठवतेय. ती "हो हो" म्हणतात आणि परत झोपतात. खालून बाबांचा श्वास ऐकू येतोय. ते हाक मारत नाहीत, नुसता श्वास.

येत्या रविवारी सगळं जोडणार. दादासमोर मी जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, "काय गं?" मी म्हटलं, "जेवायला चल."

त्याने बाबांना शब्द दिलाय गं. बाबांनी गिरणीतल्या मित्रांना सांगितलंय, पोराने माझ्यासाठी सूर्य आणला. आता मी कोणत्या तोंडाने सांगू की लाईट गेली की हा सूर्यही जाणार?

तुझी
गोगलगाय


१९ फेब्रुवारी

पोरी,

हे पोस्टाने पाठवत नाही. आमच्या ट्रकवाल्याच्या हातून पाठवतेय, तो उद्या तुमच्या गावावरून जातो.

मी पोट धरून हसले, पंखा नाही फिरला तर काय, असं काहीबाही लिहिलं. ते फाडून टाक. मला माहीतच नव्हतं.

तुझं पत्र वाचल्या वाचल्या फोन लावला. ताईने उचलला. "सगळे मजेत," म्हणाली, आणि मागे मला ते मशीन ऐकू आलं. आधीही आलं असणार, मला मिक्सर वाटला असेल. विचारायचं ओठांवर आलं होतं, पण मग तुझं नाव पुढे आलं असतं. थंडीबद्दल बोलले आणि ठेवला.

नीट वाच. घाबरण्यासारखं काही नाही, अजून काही बिघडलेलं नाही. बॅटरी लागेल. आणि वेगळ्या जातीचा इन्व्हर्टर, हायब्रिड म्हणतात त्याला. लाईट गेली की तो तुमचं घर बाहेरच्या तारेपासून तोडतो आणि बॅटरीवर घेतो. मग वायरमनही सुरक्षित आणि बाबाही. पण बॅटरीवर सगळं घर टाकायचं नाही, ती लगेच दमेल. बाबांच्या मशीनची वेगळी वायर ओढायची. मशीनच्या पाठीवर ते किती वीज खातं ते लिहिलेलं असतं, ते काकांना दाखव. पैसे पुरायला पॅनेल दोन कमी घेतली तरी चालेल. बॅटरी बाबांच्या खोलीत ठेवायची नाही, बाहेर हवेशीर सावलीत. आणि काही झालं तरी सिलेंडर परत द्यायचा नाही. यंत्रावर विश्वास ठेवावा, पण काठी जवळ असू द्यावी.

आणि ते "झालं" म्हणाले की झालं असं समजू नकोस. त्यांच्यासमोर मेन स्विच खाली पाड. त्यांना जाऊ देण्याआधी.

दादाला मी एका फोनमध्ये सांगू शकते. पण दिवसभर मशीनपाशी तू असतेस. उद्या काही झालं तर ओरडायला तुझा आवाज लागेल, माझा इथून पोचणार नाही. म्हणून तू सांग. रविवारी दुपारपर्यंत तुझ्याकडून काही कळलं नाही तर मी दादाला फोन करणार. त्यात तुझा पराभव वगैरे काही नाही. बाबा महत्त्वाचे.

मावशी


१२ मार्च

मावशी गं,

त्या रविवारी तुला फोनवर मी फक्त "सांगितलं" एवढंच म्हटलं आणि ठेवला. आता सगळं लिहिते.

सकाळी मी वर गेले, खाली आले, परत वर गेले. दादा ओरडला, "अगं, काय चाललंय तुझं? जिना झिजवायचाय का?" काका वायर सोलत होते. मी त्यांच्या हाताकडे बघत विचारलं, "काका, लाईट गेल्यावर हे चालतं का?"

"कुठली लाईट?"

"रस्त्यावरची."

"छे! तेव्हा बंद पडतं. नियमच आहे तो."

दादा हसतच होता. हसणं तोंडावर राहिलं आणि त्यामागचं तोंड पांढरं पडलं. "बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद, साहेब. तुम्ही विचारलंच नाहीत. सगळे बिलासाठी लावतात."

"खाली माझे वडील..." दादा म्हणाला आणि पुढे त्याला बोलताच येईना. मावशी, मी दादाला असं कधी बघितलं नव्हतं. आमच्या दोघांमध्ये गप्प बसायचं काम माझं. आता तोच गप्प बसला म्हटल्यावर बोलायला दुसरं कोण होतं? मी बोलले. मशीनचं, सिलेंडरचं, जांभळ्या ओठांचं, बॅटरीचं, वेगळ्या वायरचं. मध्ये आवाज फाटला, तरी बोलले. काकांनी हातातली पक्कड खाली ठेवली.

"पोरी, खाली आजारी माणूस आहे हे मला कोणी सांगितलं असतं तर मी हे घेऊन आलोच नसतो. काढा रे ते सगळं."

दोन पॅनेल परत गेली, बॅटरी आणि दुसरा इन्व्हर्टर यायला दिवस लागले. बॅटरी जिन्याखाली बसली. मशीनपर्यंत वेगळी वायर ओढली. काका हात पुसत म्हणाले, "झालं. निघतो मी."

"थांबा," मी म्हटलं. बाबांच्या उशाशी सिलेंडर आणून ठेवला, जिन्याखाली गेले आणि मेन स्विच पाडला.

बाहेरच्या खोलीत टीव्ही चालूच राहिला. एक बाई केसांना तेल कसं लावायचं ते सांगत होती. आणि आत मशीन किंचाळायला लागलं. काकांच्या वायरमनने जीभ चावली. वायर त्याने ओढली होती बरोबर, पण बॅटरीला जोडली बाहेरच्या खोलीची. म्हणाला, "सगळे टीव्हीच मागतात हो, हात आपोआप तिकडे गेला." दादा त्याच्या अंगावर धावणार होता. मी सिलेंडर जोडला तेवढ्यात बाबा नळी सारखी करत म्हणाले, "राहू दे रे. माझ्यापेक्षा टीव्हीची तब्येत जास्त नाजूक असेल."

सगळे हसले. वायरमन सोडून. त्याने वायर बदलली. मी परत स्विच पाडला. टीव्ही गेला. मशीनला कळलंही नाही. दादा म्हणाला, "अजून एकदा पाड." मग म्हणाला, "आता मी पाडतो." काकांनाच शेवटी म्हणावं लागलं, "अहो, स्विच तुटेल."

आईला मी सांगून टाकलं की तुला सगळं माहीत आहे. ती आधी चिडली, मग रडली, मग म्हणाली, तिला म्हणावं सुट्टी काढून ये आणि भांडायचं ते समोर बसून भांड. तर ये.

आता कालचं सांगते. दुपारची वेळ, बाबांचा डोळा लागला होता. मी खाटेशी बसून आईच्या शिवणकामातल्या फ्रॉकची बटणं लावत होते. एकदम गल्लीतला सगळा आवाज गेला. रोज तो असतो हे तेव्हाच कळतं. पंखे, पंप, कोणाचा रेडिओ, सगळं बसलं, आणि ऊन नुसतं ऐकू यायला लागलं. समोरून कोणीतरी ओरडलं, "गेली!" माझा हात सिलेंडरच्या चावीवर कधी गेला मला कळलं नाही. मी चावी धरून बसले. मशीन चालत होतं. बाबांची छाती वर होत होती, खाली होत होती, ओठ नेहमीच्या रंगाचे. पडद्यावर उन्हाचा चौकोन होता, तो हळूहळू जमिनीवर उतरला आणि खाटेच्या पायाशी आला. मी केव्हातरी चावी सोडली आणि परत सुई घेतली.

आई घामाने भिजून कामावरून आली. दारातूनच म्हणाली, "कधीपासून नाहीये गं लाईट?" तिच्या आवाजाने बाबा जागे झाले. डोळे चोळले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "गेली होती का?"

तुझी भाची